गल्लीतल्या 'खोलून बघू' काकांनी ई-बाईकचं काय खोलावं आणि कशाला अजिबात हात लावू नये?

प्रत्येक गल्लीत असे एक तरी काका असतात. रविवारी सकाळी दारात पोतं अंथरून स्कूटर खोलून बसलेले. प्लग पॉलिश पेपरने घासणार, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुणार, दोन किका मारल्या की गाडी सुरू. दुपारी शेजाऱ्यांच्या पंख्याचा कंडेन्सर बदलणार, संध्याकाळी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकणार. मेकॅनिकला पैसे द्यायचे म्हणजे यांना स्वतःचा अपमान वाटतो.

आता याच काकांच्या दारात मुलाने ई-बाईक आणून उभी केली. काकांनी पाना घेतला, सीट उचललं. बघतात तर खाली प्लग नाही, कार्बोरेटर नाही, किक तर नाहीच.

मग आयुष्यभराची खटपट वाया गेली का? तर अजिबात नाही. फक्त आता कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, याची यादी बदललीये.

मुळात ई-बाईकच्या आत असतं काय?

मुख्य गोष्टी चारच. बॅटरी, कंट्रोलर, मोटर आणि थ्रॉटल म्हणजे आपली मूठ. मूठ पिळली की कंट्रोलरला सिग्नल जातो आणि तो बॅटरीतला करंट हवा तेवढा मोटरला सोडतो.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. अमेरिकेतल्या ओगडेन बोल्टन नावाच्या माणसाने १८९५ मध्येच मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट घेतलं होतं. आजही कित्येक ई-बाईकची मोटर मागच्या चाकातच असते. त्याला हब मोटर म्हणतात.

फरक मोटरच्या जातीत आहे. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन असतात, ते झिजतात आणि बदलावे लागतात. ई-बाईकची मोटर असते बीएलडीसी. तिच्यात कार्बनच नाही. सध्या घरोघरी लागणारे ३० वॅटच्या आसपासचे, रिमोटवाले पंखेही याच जातीचे. म्हणूनच तो पंखा बिघडला की जुन्या पंख्यासारखा नुसता कंडेन्सर बदलून काम होत नाही, बहुतेक वेळा आतलं सर्किट बघावं लागतं. गाडीचंही तसंच.

काकांनी बिनधास्त करावं असं काय?

भरपूर आहे. टायरमधली हवा कमी असेल तर एका चार्जमध्ये गाडी कमी पळते. म्हणजे 'बॅटरी गेली' म्हणायच्या आधी हवा तपासायची. ब्रेक शू किंवा पॅड, केबल, बेअरिंग, सगळं जुन्या गाडीसारखंच.

दुसरं म्हणजे गाडी ऑन होते, डिस्प्ले लागतो, पण मूठ पिळली तरी हलत नाही. अशा वेळी सगळ्यात आधी ब्रेकचा लिव्हर बघायचा. तिथे एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटरची पॉवर तोडतो. धूळ-पाण्याने हा स्विच अडकला, की ब्रेक कायम दाबलेलाच आहे असं कंट्रोलरला वाटतं. काम थोडंसं साफसफाईचं, पण माहिती नसेल तर भलतेच पार्ट बदलले जातात.

तिसरं, गाडी धक्के देते किंवा जागेवरच गुरगुरते. मोटरमध्ये साधारणपणे तीन जाड वायरी असतात आणि चाकाची जागा सांगणारे तीन छोटे हॉल सेन्सर. बऱ्याचदा यातलं एखादं कनेक्टर सैल झालेलं किंवा गंजलेलं असतं. पावसाळ्यानंतर तर हमखास.

एक सोपी युक्तीही आहे. गाडी बंद करून, सीटखाली एमसीबी असेल तर तो पाडून, मोटरचं चाक हाताने फिरवायचं. ते जड जात असेल, अडखळत असेल आणि तीन जाड वायरी सुट्या केल्यावर मोकळं फिरायला लागलं, तर दोष बहुतेक कंट्रोलरचा. निदान झालं आणि मीटरही लागला नाही.

फक्त गाडी धुताना प्रेशरचा पाइप कनेक्टरवर मारायचा नाही.

पण बॅटरीचा डबा खोलायचा नाही, तो का?

कारण बाकी सगळं बंद करता येतं, बॅटरी बंद करता येत नाही. एमसीबी पाडला तरी डब्याच्या आत करंट जिवंतच असतो.

आत काय असतं, तर छोट्या सेलची रांग. १८६५० हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीचा हा सेल टॉर्चच्या सेलपेक्षा थोडाच मोठा दिसतो. असे कितीतरी सेल पातळ पट्ट्यांनी जोडलेले असतात. स्क्रूड्रायव्हर घसरून चुकीच्या दोन पट्ट्यांना टेकला की शॉर्ट. सेल तापतो, एका हद्दीपुढे आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करते, मग शेजारचा सेल तापतो आणि साखळी सुरू होते. हे इतकं पटकन होतं की बादली आणेपर्यंत हाताबाहेर गेलेलं असतं.

सेलवर लक्ष ठेवायला बीएमएस नावाचं सर्किट असतं. कुठला सेल जास्त भरला, कुठला तापला, हे बघून ते चार्जिंग तोडतं. 'बीएमएस सारखं ट्रिप होतंय, डायरेक्ट करून टाकू' हा सगळ्यात महागात पडणारा जुगाड. एकच खराब सेल काढून नवा बसवणंही तसंच. जुने-नवे सेल एकसारखे भरत नाहीत आणि रिकामेही होत नाहीत.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, तेव्हा केंद्र सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस-१५६ या मानकातल्या सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. घरी खोलून पुन्हा जोडलेल्या डब्याला यातलं कुठलंच संरक्षण उरत नाही.

आणि खरा बिघाड तर भिंतीत असतो

पेट्रोलची गाडी पंपावर भरायची. ई-बाईक घरात भरते. म्हणजे आता गाडीचा मेंटेनन्स घराच्या वायरिंगपासून सुरू होतो, आणि इथेच काकांची खरी गरज आहे.

साधा हिशोब बघा. १,००० वॅटचा चार्जर २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो. गिझर याच्या दुप्पट घेतो. पण गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि चार्जर चार-पाच तास. सॉकेटमधला स्क्रू सैल असेल तर तो एवढा वेळ तापत राहतो. म्हणून चार्जिंग लावून अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. गरम लागला, काळा पडलेला दिसला, तर आधी सॉकेट बदला.

एक्स्टेंशन बोर्ड शक्यतो नकोच, आणि वायर गुंडाळलेली तर अजिबात नको. तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या, कारण जुन्या घरांत ते भोक कधीकधी फक्त शोभेचं असतं. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. नसेल तर बसवून घ्या.

चार्जरही कंपनीने दिलेलाच. '४८ व्होल्ट' नावाने विकली जाणारी एक बॅटरी पूर्ण भरली की ५४.६ व्होल्टची होते आणि दुसऱ्या प्रकारची ५८.४ व्होल्टची. पिन मात्र दोघांची सारखी असू शकते. पहिलीला दुसरीचा चार्जर लावला तर प्रत्येक सेल ४.२ ऐवजी जवळपास ४.५ व्होल्टपर्यंत चढायला बघतो. मध्ये उभं असतं ते फक्त बीएमएस.

गाडी उन्हातून आली की आधी थंड होऊ द्या. आणि रात्री सगळे झोपल्यावर जिन्याखाली किंवा दाराशी चार्जिंग नको. आग लागली तर घरातून बाहेर पडायची वाट तीच असते.

'जरा स्पीड वाढवून देतो' याचं काय?

तेही नको. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा कमी असेल, तरच त्या गाडीला नोंदणी आणि लायसन्समधून सूट आहे. वेगाची मर्यादा काढली की सूटही गेली. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने असे बदल केलेल्या ई-बाईकवर कारवाईची मोहीमही काढली होती.

मग कंपनी म्हणेल तेवढेच पैसे द्यायचे का?

काकांची ही तक्रार मात्र रास्त आहे. एका कनेक्टरसाठी अख्खा पार्ट बदलायला सांगितला तर कुणालाही राग येणारच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल सुरू केलं, आणि त्यात वाहन क्षेत्रही आहे. त्यामुळे दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मागायला लाजू नका. बॅटरी संपली तर भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे ती डीलरकडेच परत द्या.

थोडक्यात काय, तर तुमच्या गल्लीतल्या काकांना रविवारी रिकामं बसायची गरज नाही. फक्त या रविवारी गाडीचं सीट उचलायच्या आधी त्यांना तुमच्या घरातलं चार्जिंगचं सॉकेट दाखवा.