जमिनीखालचे मुद्दल

पेढीचा हिशेब ठेवणाऱ्याला एक भेद शिकवावा लागत नाही. माल विकून झालेला नफा खर्चासाठी असतो. पण पेढीची इमारत विकून आलेली रक्कम नफ्याच्या खात्यात मांडली, तर त्या वर्षीचा ताळेबंद शोभून दिसतो आणि पेढी मात्र बुडीच्या वाटेला लागते. खनिजसंपत्तीच्या बाबतीत राज्यकारभाराकडूनही हीच चूक घडू शकते. ती रोखणे हे कायद्याचे काम होय. गोव्यातील लोहखनिजाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

पोर्तुगीज राजवटीने गोव्यात खाणींचे कायमस्वरूपी परवाने दिले होते. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने ते रद्द करून त्यांना मुदतीच्या खाणपट्ट्यांचे रूप दिले. पुढे चीनमधून मागणी वाढली आणि उत्खननाला उधाण आले. २०१०-११ मध्ये गोव्यातून चार कोटी टनांहून अधिक खनिजाची निर्यात झाली. मात्र डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांच्या खाणपट्ट्यात खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, विहिरी आटल्या आणि पावसात वाहून आलेल्या मातीने भातशेती गाडली गेली. हे नुकसान कोणाच्याही वहीत नोंदले गेले नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपल्याचे सांगून त्यानंतरचे उत्खनन बेकायदा ठरवले. नव्याने होणाऱ्या उत्खननावर तात्पुरती वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घातली. शिवाय विक्रीच्या रकमेतील दहा टक्के वाटा ‘गोवा लोहखनिज स्थायी निधी’त ठेवण्याचा आदेश दिला. शाश्वत विकास आणि पिढ्यांमधील न्याय हा या निधीचा उद्देश.

या विचाराचे मूळ विश्वस्ततेच्या तत्त्वात आहे. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठावरील एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले होते की, नदी, वने, हवा यांसारख्या संपत्तीचे सरकार मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. धर्मादाय संस्थेचा कारभार पाहणाऱ्या कुटुंबांना या शब्दाचे वजन ठाऊक असते. विश्वस्त संपत्ती सांभाळतो, वापरू देतो, पण ती उडवू शकत नाही.

तथापि निकाल लागला म्हणजे व्यवहार सुधारला, असे होत नाही. २०१४-१५ मध्ये राज्य सरकारने लिलाव न करता जुन्याच पट्टेधारकांना नूतनीकरण दिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने अशी ८८ नूतनीकरणे रद्द केली. खाणी पुन्हा बंद पडल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या, मांडवी-जुवारीतील बार्ज धक्क्याला लागले. निसर्गाचे रक्षण विरुद्ध पोटाचा प्रश्न असे या काळाचे चित्र रंगवले गेले. वस्तुतः वेळीच मर्यादा घालून नियमाने खाणकाम चालवले असते, तर असा एकदम थांबण्याचा प्रसंगच ओढवला नसता. २०२२ च्या अखेरीस गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, ते दहा वर्षांच्या या फरफटीनंतर.

एक प्रश्न अजून उरतोच. खनिजावर मिळणारे स्वामित्वधन सरकारच्या अंदाजपत्रकात महसुली जमा म्हणून दाखवले जाते आणि वर्षाच्या खर्चात विरून जाते. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निधी उभारला. आता त्यातून साधारण वर्षाच्या परताव्याएवढाच, म्हणजे सुमारे तीन टक्के भाग खर्चाला घ्यावा, असा तेथील नियम आहे. गोव्यातील दहा टक्क्यांचा निधी हे त्याच दिशेचे लहान पाऊल आहे. भूगर्भातून एकदा काढलेले खनिज परत येत नाही. त्याच्या बदल्यात आलेला पैसा मुद्दल म्हणून राखला, तरच पुढच्या पिढीच्या वाट्याला रिकाम्या खड्ड्यांखेरीज काही उरेल.