विधेयक, ठराव आणि प्रश्न : संसदेचे कागद सीमाभागातून वाचताना

सीमाभागात चार मराठी माणसं एकत्र बसली की कधी ना कधी हा विषय निघतोच : "एवढे खासदार दिल्लीला जातात, त्यातल्या एकानं तरी उभं राहून आमच्यासाठी एक बिल आणायला नको काय?" मीही हे लहानपणापासून ऐकत आलो आहे. विचारणाऱ्याचा त्रागा खरा असतो. पण त्याचं उत्तर कुणा खासदाराच्या हिमतीत किंवा आळसात शोधण्याआधी राज्यघटनेत आणि लोकसभेच्या नियमांत शोधावं लागतं. सभासदाच्या हाती विधेयक, प्रस्ताव, ठराव, प्रश्न अशी वेगवेगळी हत्यारं असतात. कुठलं हत्यार कुठे चालतं हे कळलं, तर आपल्या भागाच्या इतिहासाचे अर्धे कागद नीट वाचता येतात. गेली काही वर्षं मंडळासाठी लोकसभेच्या कामकाजाचे जुने खंड चाळताना जे उमगलं, ते इथे मांडतो.

एका कलमातले चार शब्द

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा म्हणजे त्या वर्षी १ नोव्हेंबरपासून नकाशा बदलणारा कायदा. नव्या म्हैसूर राज्यात कोणता मुलूख जाणार हे त्याच्या सातव्या कलमात सांगितलं आहे. तिथे विजापूर, धारवाड आणि कारवार या जिल्ह्यांबरोबर बेळगाव जिल्ह्याचं नाव आहे, आणि त्याला एक अपवाद जोडला आहे : चंदगड तालुका वगळून. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे तो या अपवादामुळे. खानापूर, बेळगाव, निपाणीसाठी असा अपवाद तिथे नाही, म्हणून पुढचा सगळा इतिहास घडला.

हा कायदा सरकारी विधेयकातून आला. सरकारी विधेयक मंत्री मांडतो. त्याच्या तीन पायऱ्या असतात. आधी मांडण्याची परवानगी. मग विचार : यात हवं तर प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवणं आणि नंतर एकेका कलमावर चर्चा. शेवटी संपूर्ण विधेयक मंजूर करणं. साध्या सभासदाला सर्वांत जास्त वाव मिळतो तो कलमवार चर्चेत, कारण तिथे दुरुस्ती सुचवता येते. 'अमुक शब्द गाळावेत, तमुक घालावेत' एवढंच त्या दुरुस्तीत असतं. वाचायला रुक्ष, पण 'तालुका वगळून' असे शब्द कलमात घालण्याची किंवा काढण्याची जागा तीच. म्हणून एखाद्या कायद्याचा अभ्यास करताना भाषणांइतक्याच बारकाईनं दुरुस्त्यांची यादीही पाहावी.

बंद दार

आता त्या मूळ प्रश्नाकडे. मंत्री नसलेल्या सभासदालाही विधेयक मांडता येतं. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. एक महिन्याची सूचना द्यायची, शुक्रवारी दुपारच्या शेवटच्या अडीच तासांत नंबर लागण्याची वाट पाहायची. एका शुक्रवारी विधेयकं, पुढच्या शुक्रवारी ठराव अशी साधारण पाळी. नंबर चिठ्ठी टाकून लागतो. मग सीमाभागासाठी असं विधेयक का नको?

कारण घटनेचा तिसरा अनुच्छेद. राज्याची हद्द बदलणारं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय कुठल्याही सभागृहात मांडताच येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात, म्हणजे किल्ली केंद्र सरकारकडे. शिवाय ज्या राज्याची हद्द बदलायची त्याच्या विधिमंडळाचं मत ठरावीक मुदतीत मागवावं लागतं. ते मत संसदेवर बंधनकारक नसतं, पण मागवावं लागतंच. तेव्हा एखाद्या खासदारानं कितीही जोर लावला तरी 'खानापूर तालुका महाराष्ट्रात जावा' असं विधेयक तो स्वतःहून सभागृहात आणू शकत नाही. दार बंद आहे, आणि ते घटनेनंच बंद केलं आहे.

उघडं दार : नाथ पै यांचं विधेयक

यातली गंमत अशी, की एक तालुका हलवणारं विधेयक सभासदाला आणता येत नाही, पण खुद्द घटना बदलणारं आणता येतं! घटनादुरुस्तीचं विधेयक कुठल्याही सभागृहात कुणीही सभासद मांडू शकतो. त्याला राष्ट्रपतींची पूर्वशिफारस लागत नाही. मात्र अशासकीय विधेयकांची समिती ते आधी तपासते.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. बॅरिस्टर नाथ पै यांचा जन्म १९२२ साली वेंगुर्ल्याचा. बेळगावशी त्यांचं नातं शिक्षणापासून अखेरपर्यंतचं. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघानं त्यांना लोकसभेत पाठवलं. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायाधीशांपैकी सहांनी असं ठरवलं, की संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, अगदी घटनादुरुस्तीनंही नाहीत. नाथ पैंना हे पटलं नाही. घटनेत बदल करण्याचा अधिकार लोकांच्या प्रतिनिधींकडेच असला पाहिजे, ही त्यांची भूमिका. ७ एप्रिल १९६७ रोजी, म्हणजे निकालानंतर दीड महिन्याच्या आत, त्यांनी अनुच्छेद ३६८ मध्ये दुरुस्ती करणारं अशासकीय विधेयक लोकसभेत मांडलं.

विरोधी बाकावरच्या एका सभासदाचं विधेयक सहसा एका शुक्रवारच्या चर्चेनंतर विसरलं जातं. हे मात्र दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, सभागृहात पुन्हा चर्चा झाली. आक्षेपही वजनदार होते : नागरिकाचे मूलभूत हक्क उद्याच्या बहुमताच्या हाती सोपवायचे काय? विधेयक मंजूर झालं नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि नियमाप्रमाणे तिथली प्रलंबित विधेयकं व्यपगत झाली, म्हणजे आपोआप संपली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, नाथ पै बेळगावात वारले.

पण कागद संपला नाही. त्याच वर्षी नव्या लोकसभेत सरकारनं चोविसावी घटनादुरुस्ती आणली. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार तिनं पुन्हा स्पष्ट शब्दांत लिहिला. गाभ्याचा मुद्दा नाथ पैंच्या विधेयकातलाच होता. पुढे २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात न्यायालयानं ही दुरुस्ती मान्य केली, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही अशी मर्यादाही घातली. म्हणजे नाथ पैंचं म्हणणं आणि त्यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांची भीती, दोन्हींना त्या निकालात जागा मिळाली.

स्वातंत्र्यानंतर अवघी १४ अशासकीय विधेयकं कायदा बनली आहेत. शेवटचं १९७० सालचं. एवढाच आकडा पाहिला तर हा सगळा खटाटोप फुकट वाटेल. पण नापास झालेलं विधेयक पुढच्या सरकारी विधेयकाचा कच्चा खर्डा ठरू शकतं. तेव्हा 'मंजूर झालं का?' एवढंच विचारून फाईल बंद करू नये.

ठराव आणि प्रस्ताव

विधेयकाचं दार बंद असेल तिथे ठराव मांडता येतो. ठराव म्हणजे सभागृहाचं मत. अशासकीय ठराव मंजूर झाला तरी सरकारला तो कायद्यासारखा बांधत नाही, पण त्यावर मंत्र्याला उभं राहून सरकारची बाजू सांगावी लागते. पुष्कळदा मंत्र्याचं बोलणं ऐकून सभासद ठराव मागे घेतो. अशा वेळी 'ठराव मागे' एवढ्यावर न थांबता मंत्री त्याआधी काय बोलला ते वाचावं.

प्रस्तावांचे प्रकार अनेक. लक्षवेधी सूचना सर्वांच्या परिचयाची. तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं आणि निवेदन मिळवायचं. स्थगन प्रस्ताव त्याहून कडक, कारण त्यानं ठरलेलं काम बाजूला पडतं आणि सरकारवर ठपका येतो. म्हणूनच त्याला परवानगी मिळताना आक्षेप आला तर ५० सभासद उभे राहावे लागतात. अविश्वास प्रस्तावालाही तितकेच लागतात. असा पहिला प्रस्ताव ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण सरकारला दिवसच्या दिवस उत्तरं देत बसावं लागलं. आणि एक प्रकार आहे 'दिवस न ठरलेला प्रस्ताव'. अध्यक्षांनी तो स्वीकारलेला असतो, पण चर्चेची तारीख नेमलेली नसते. यादीत नाव दिसलं म्हणून चर्चा झाली असं समजू नये.

प्रश्न : सर्वांत छोटं, सर्वांत उपयोगी

स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोग होतो तो प्रश्नांचा. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री तोंडी देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी. ते दिवसाला २३० पर्यंत. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यायची. यादीत कुणाचा प्रश्न वर येणार ते चिठ्ठीवर ठरतं. तास संपल्यामुळे राहिलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरंही लेखी उत्तरांत जातात. एखादा प्रश्न तोंडी उत्तरांत सापडला नाही तर तिथे पाहावं.

प्रश्नाला कुंपणंही आहेत. मत विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, माहिती मागायची. विषय मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा. न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केल्यापासून सीमाप्रश्नावर थेट विचारताना हे शेवटचं कुंपण आडवं येतं.

मग वाट काढायची कशी? 'अमुक गावची मराठी शाळा का बंद पडली?' असं विचारलं तर तो राज्याचा विषय म्हणून परत येणार. पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल घटनेत ३५०-क हा अनुच्छेद आहे, आणि ३५०-ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे. हे दोन्ही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आले. त्या अधिकाऱ्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवावे लागतात. प्रश्न त्या अहवालाला धरून विचारला, तर तो केंद्राचा विषय ठरू शकतो. हे अहवाल आपल्याइतकेच हैदराबाद, इंदूर, बडोद्याच्या मराठी मंडळींनाही कामाचे आहेत. कुठल्या राज्यानं कोणती सोय कबूल केली आणि प्रत्यक्षात काय केलं, याचा वर्षावर्षाचा मागोवा त्यांत मिळतो.

'माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवली जाईल' असं उत्तर आलं तर हिरमुसू नये. हे टोलवाटोलवीचं वाटतं, पण संसदेच्या भाषेत ते आश्वासन आहे. सरकारनं ते साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यावर नजर ठेवायला १ डिसेंबर १९५३ पासून एक समिती आहे. ती नेमली गेली तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर, मूळचे रत्नागिरीकडच्या घराण्यातले आणि जन्मानं बडोद्याचे. तेव्हा उत्तराच्या तारखेपाशी न थांबता पुढच्या अधिवेशनांत पटलावर ठेवलेले कागदही चाळावेत. खरी आकडेवारी पुष्कळदा तिथे असते.

अर्धवट उत्तराचीही किंमत असते. १९५७ च्या सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीबद्दल लोकसभेत प्रश्न आला आणि उत्तर गुळमुळीत मिळालं. फिरोज गांधींनी तोच धागा डिसेंबरात पुन्हा ओढला. न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

आपल्या कामासाठी

हे सगळे खंड आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या वाचता येतात. शोधताना बेळगाव, बेळगांव, बेलगाम आणि इंग्रजी स्पेलिंग असे सगळे पर्याय टाकून पाहावेत. टिपण करताना चार गोष्टी लिहाव्यात : कुठलं साधन वापरलं, कोणत्या तारखेला, मंत्री नेमकं काय म्हणाला, आणि त्या वाक्याचं पुढे काय झालं.

नागरिकालाही एक वाट खुली आहे. सभासदाची प्रतिस्वाक्षरी घेऊन लोकसभेत याचिका सादर करता येते आणि ती याचिका समितीपुढे जाऊ शकते. पण त्याआधी आपल्या भागाबद्दल सभागृहात आजवर काय काय बोललं गेलं, याची तारीखवार यादी आपल्याकडे असायला हवी. खासदाराकडे 'बिल आणा' म्हणत जाण्यापेक्षा 'अमुक तारखेला मंत्र्यांनी हे कबूल केलं होतं, त्याचं काय झालं ते विचारा' म्हणत गेलं, तर त्यालाही नाही म्हणणं अवघड जातं. ती यादी करणं हे आपल्यासारख्या मंडळांचंच काम आहे. तालुकावार वाटून घेतलं तर ते जमण्यासारखंही आहे.