आधी थांब म्हणायचं

दुःखी माणसाला बोलतं कसं करावं, हे शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका अग्निशमन केंद्रात मी ज्या वर्गाला बसले, तिथे त्याला आधी थांबवायचं कसं, हे शिकवत होते.

माझ्या शेजारी एक पॅरामेडिक राहतो. नोव्हेंबर २०१८मध्ये इथलं पॅराडाइज गाव जळालं, त्या वणव्यात ८५ माणसं गेली. तो तिथे होता. त्याबद्दल तो घरात अवाक्षर काढत नाही. मात्र नोकरीतल्या सोबत्याशी बोललेलं कोर्टात उघड होऊ नये यासाठी इथे कायदा आहे, हे मला त्यानेच सांगितलं. तो कायदा माणसांच्या तोंडी कसा येतो, ते मला ऐकायचं होतं.

वर्गाची खोली बंबांच्या शेडला लागून. खुंट्यांवर आगीत घालायचे जाड कोट, आणि धुऊनही न गेलेला जळकट वास. प्रशिक्षकाने सुरुवातीलाच एका अहवालातला आकडा सांगितला : २०१७ साली या देशात किमान १०३ अग्निशमन जवानांनी आत्महत्या केली, कामावर असताना गेले ते ९३.

कायदा १ जानेवारी २०२०पासून लागू आहे. ठरलेलं प्रशिक्षण घेतलेल्या सोबत्याशी विश्वासाने बोललेलं दिवाणी दाव्यात, खातेनिहाय चौकशीत किंवा लवादापुढे उघड करायला नकार देता येतो. प्रशिक्षण नसेल तर हे संरक्षण नाही. उपचारतज्ज्ञाची गोष्ट वेगळी. १९९१मध्ये इलिनॉयमधल्या रेडमंड नावाच्या महिला पोलिसाने गोळी झाडली, त्यात एक माणूस मेला. नंतर समुपदेशकाशी तिचं जे बोलणं झालं, त्याच्या नोंदी मृताच्या घरच्यांच्या वकिलांना हव्या होत्या. १९९६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते बोलणं सुरक्षित ठरवलं. आईशी बोललेल्याला असं संरक्षण नाही, मग यालाच का, असा न्या. स्कालिया यांच्या विरोधी मतातला सवाल होता. २०२०च्या कायद्याआधी अग्निशमन केंद्रातला सोबतीही आईच्याच रांगेत उभा होता. आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमात नवरा-बायकोचं आणि वकिलाशी झालेलं बोलणं झाकलेलं आहे. सोबती तिथेही नाही.

मग जोड्या पाडून सराव सुरू झाला. वीसेक वर्षं बंब चालवणारी एक बाई होती, तिच्यावरून माझी नजर हटेना. समोरचा पॅरामेडिकची भूमिका करत होता. “त्या पोराला मी जे इंजेक्शन दिलं ना...” एवढं त्याने म्हणताच तिचा हात त्याच्या खांद्याकडे गेला. प्रशिक्षक म्हणाला, “थांबव त्याला!” तिने म्हणायचं होतं ते असं : “थांब. आपलं बोलणं माझ्यापाशी राहील. पण फौजदारी खटला झाला तर राहीलच असं नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मी गप्प बसणार नाही.” पुन्हा केलं, तरी आधी हातच पुढे. शेवटी ती चिडून म्हणाली, “माणूस रडतोय आणि मी त्याला कलमं वाचून दाखवू?”

तिचा राग मला अगदी बरोबर वाटला. तरीही वाचून दाखवायलाच हवीत, असं मी म्हणेन. कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात २०१९मध्ये पोलिसांनी धरलेल्या इलायजा मॅक्लेन या तरुणाला पॅरामेडिकनी केटामाइन हे गुंगीचं औषध दिलं. पुढे तो गेला. डिसेंबर २०२३मध्ये दोन पॅरामेडिक फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरले. असा मृत्यू झाल्यावर फौजदारी न्यायालयाला सगळं विचारता आलंच पाहिजे. पण ते विचारलं जाऊ शकतं, हे बोलणाऱ्याला आधी ठाऊक हवं. नाहीतर सोबत्याच्या मायेनेच त्याचा घात होईल. बाकी या कायद्याने सत्य दडपलं जातं, हा आक्षेप मला पटत नाही. रेडिओवरचं ध्वनिमुद्रण, रुग्णाचा अहवाल जागच्या जागी राहतात. झाकलं जातं ते रात्री झोप न येणं, दारू वाढणं, पोराचा चेहरा दिसत राहणं. नोकरी जाईल या धास्तीने हेच गिळून टाकलं जातं. १०३ या आकड्याकडे मला त्याशिवाय बघता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी प्रशिक्षकाला विचारलं, एवढं ऐकून माणूस उठून गेला तर?

“जातात काही,” तो म्हणाला. “इंजेक्शनचीच गोष्ट असेल तर मी त्याला स्वतः गाडीत घालून उपचारतज्ज्ञाकडे नेतो. तिथलं बोलणं फौजदारी खटल्यातही झाकलेलं असतं. मी बाहेर बसतो.”

“आणि गाडीत?”

“गाडीत बेसबॉलवर बोलतो.”