नवजात बालकाचे अपूर्ण डावे हृदय

काही बालके डावे हृदय अपुरे वाढलेले घेऊन जन्मास येतात. शरीराला रक्त पुरविणारा डावा कप्पा, त्याच्या झडपा व महारोहिणी लहानच राहतात. गर्भावस्थेतील एक रक्तनलिका जन्मानंतर थोडे दिवस उघडी असते, म्हणून बाळ निरोगी भासते. ती मिटू लागली की श्वास जलद होतो, दूध ओढवत नाही, पाय गार पडतात. लकडगंज असो वा खेडेगाव, अशा वेळी तासभरही थांबू नये.

गर्भारपणाच्या १८ ते २२ व्या आठवड्यातील सोनोग्राफीत हा दोष बहुधा दिसतो. जन्मानंतर पायाला लावलेल्या ऑक्सिमीटरने संशय येतो, इकोकार्डिओग्राफीने निदान पक्के होते. प्रोस्टाग्लँडिन औषध नलिका उघडी ठेवते.

अमेरिकन शल्यविशारद विल्यम नॉरवूड यांच्या नावाची पहिली शस्त्रक्रिया जन्मानंतर एक-दोन आठवड्यांत, दुसरी ४ ते ६ महिन्यांच्या सुमारास व तिसरी साधारण २ ते ५ वर्षांच्या वयात करतात. त्याने डावा कप्पा वाढत नाही. उजवाच शरीराला रक्त पुरवितो. देखरेख जन्मभर लागते.

२०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. पालकांनी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

उपचार जोखमीचे व दीर्घ आहेत. शक्तीपलीकडचा, निष्फळ ठरणारा उपचार नाकारणे म्हणजे बालकाचा त्याग नव्हे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणून अशा आईवडिलांना दोष न देता आपण सर्वांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, अशी आमची विनंती आहे.