पापलेट महाग का झाले?

मासे खाणाऱ्या घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: पापलेट एवढे महाग का झाले? उत्तरेही तयारच असतात. गृहिणी म्हणते, कोळणी भाव चढवतात. कोळीण म्हणते, मोठ्या बोटी समुद्र खरवडून नेतात. बोटवाला डिझेलच्या भावाकडे बोट दाखवतो. गंमत अशी, की तिघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे असते, आणि तरीही कोडे सुटत नाही.

हे कोडे पाहायचे तर सकाळच्या वेळी कफ परेडच्या मच्छीमार नगरात जावे. मी अधूनमधून जातो. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उंच इमारतींपासून हाकेच्या अंतरावर ही कोळ्यांची वस्ती आहे. तिथे जाळे सांधत बसलेल्या एका काकांना मी हाच प्रश्न विचारला. त्यांनी जाळ्याच्या भोकात बोट घातले नि म्हणाले, "सगळं या आसात आहे, साहेब."

आस म्हणजे जाळ्याचे एकेक भोक. आस मोठा असला, की पिल्ले निसटतात आणि वाढून पुढच्या हंगामात विणीला येतात. पण मासळी कमी मिळू लागली, की बोट दूर न्यावी लागते. दूर गेले, की डिझेल जास्त जळते. तो खर्च भरून काढायचा म्हणून आस बारीक होतो, पिल्लेही जाळ्यात येतात, आणि पुढल्या साली मासळी आणखी कमी! यात वेडेपणा कुणीच केलेला नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाच केला. चक्र मात्र उलटे फिरले.

अमेरिकेत जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात नेमकी अशीच चक्रे अभ्यासायचे शास्त्र उभे केले. त्याचे सार आपल्या आजीबाईही सांगतील: एक धागा ओढला, की सगळी गोधडी हलते. मासळीचा धागा बोटीशी संपत नाही. कित्येक मासे नि कोळंबी लहानपणी खाडीतल्या खारफुटीच्या आडोशाला वाढतात. खारफुटी तोडली, गटाराचे पाणी खाडीत सोडले, की त्याचा हिशेब पुढे बाजारात होतो. ती पाळणाघरे मोडणारे हात शहराचे, म्हणजे तुमचे-आमचे!

हे चक्र न थांबवले तर काय होते? कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा शेकडो वर्षे अमाप मिळे. यांत्रिक बोटींनी तो इतका उपसला, की १९९२ साली सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. तीस हजारांवर लोकांचा रोजगार बुडाला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

आपल्याकडे उपाय नाहीत असे नाही. यांत्रिक बोटींना पावसाळ्यात बंदी असते. २०२५ साली ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस होती. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या मासळीचे किमान आकार ठरवले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. परंतु एकच कडी घट्ट करून साखळी सावरत नाही. दोन महिने समुद्राला विसावा दिला आणि बंदी उठताच बारीक आसाने पिल्ले गाळून काढली, तर तो विसावा फुकट गेला म्हणायचा. आणि आस मोठा ठेवणाऱ्या कोळ्याचे दोन वर्षांचे नुकसान कुणी सोसायचे, याचे उत्तर दिल्याशिवाय त्याला उपदेश करण्यात अर्थ नाही.

या साखळीची शेवटची कडी आपले स्वयंपाकघर. तळहातावर मावणारे पापलेट स्वस्त पडते म्हणून आपण घेतो, तेव्हा बारीक आसाला आपणच गिऱ्हाईक पुरवतो. ते नाकारावे. एकाच माशाचा हट्ट सोडून कधी बांगडा, कधी मांदेली, कधी बोंबील आणावा. म्हणजे सगळा भार एकाच जातीवर पडणार नाही. पावसाळ्यात सोडे, जवळा, सुके बोंबील काढावेत. मासळी सुकवणाऱ्या कोळणींच्या घरी त्या दिवसांत चार पैसे जातील. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटायच्या, हा जुना रिवाजही समुद्राला उसंत देणाराच होता. बाजारात पुढच्या खेपेला भाव करण्याआधी एवढेच विचारा, "मावशी, याहून मोठं नाही का?" पाच-पन्नास गिऱ्हाइकांनी रोज हे विचारले, तर तो प्रश्न टोपलीतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून जाळ्यापर्यंत पोचल्याशिवाय राहणार नाही.