काशीच्या वाळवंटातील वसंत

वाराणसीस गंगेचा पश्चिम काठ घाटांनी बांधलेला आहे; समोरचा पूर्व काठ मात्र वाळूचा. पंढरपूरच्या वाळवंटाप्रमाणे हेही पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि उन्हाळ्याच्या सुमारास रुंदावते. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरांचा हा पट्टा १९८९ साली कासवांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२० साली ती घोषणा रद्द झाली. पाखरांना अर्थातच यातले काही कळत नाही.

फाल्गुन-चैत्रात जाणारे आणि राहणारे येथे एकाच वेळी दृष्टीस पडतात. हिवाळाभर नावांभोवती घिरट्या घालून यात्रेकरूंनी फेकलेली शेव टिपणारे कुरव आणि काठाचे चक्रवाक उत्तरेकडे निघतात; त्याच सुमारास नदी-सुरय व नदी-टिटवी वाळूवर अंडी घालतात. घरटे म्हणजे केवळ एक उथळ खळगा. ठिपकेदार अंडी वाळूत इतकी मिसळून जातात की ती पायाखाली सापडण्याचे भय असते. यास्तव निरीक्षकाने दुरूनच, दुर्बिणीने पाहावे.

वहीत तारीख, वेळ, जागा, पाण्याची पातळी व पक्ष्यांची संख्या लिहावी. पहिला कुरव दिसल्याची तारीख सारेच हौसेने टिपतात. शेवटचा कधी गेला हे ठरविण्यास मात्र कुरव न दिसलेल्या दिवसांचीही नोंद लागते. तेथे शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. घरटे नाहीसे झाले असल्यास वाळूवर चाकांच्या खुणा, कुत्र्यांचे माग की चढलेल्या पाण्याची रेषा, जे दिसेल ते शेजारी लिहावे.