किती खरवडायचं?

‘पॅराफिन घेऊन ये,’ असं आजोबांनी सांगितलं तेव्हा मी शेडच्या कोपऱ्यातली मेणबत्ती उचलून आणली. शाळेत पॅराफिन म्हणजे मेण, एवढंच शिकलेलो. ते मेणबत्तीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता स्वतःच जाऊन एक निळा कॅन घेऊन आले. झाकण उघडल्याबरोबर वासानं ओळख पटली. रॉकेल! कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ज्या रॉकेलनं आम्ही संध्याकाळी हात धुवायचो, ते इथे पॅराफिन नावानं नांदत होतं.

आजोबा हे माझं मनातलं नाव. इथल्या रीतीप्रमाणे तोंडावर मी त्यांना नावानंच हाक मारतो, पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावानं बोलावताना अजूनही जीभ अडखळते. इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टनला आमच्या दोघांच्या परसांमध्ये एकच कुंपण. आयुष्यभर ते टूलरूममध्ये राबले. आता शनिवार-रविवार शेडमध्ये जुन्या मोटारसायकली उभ्या करतात, आणि गेली दोन वर्षं मी त्यांचा बिनपगारी हेल्पर आहे.

त्यांनी ब्रशनं ते रॉकेल शेडमधल्या गाडीच्या फ्रेमच्या पुढच्या ओतीव बीमवर फासलं, २० मिनिटं थांबले, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि वर खडूची पूड झटकली. मला हसू आलं. कास्टिंगला बारीक तडा असेल तर रॉकेल त्यात शिरून बसतं, मग हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. आमच्या फोरमनकाकांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलेली ही युक्ती. तडे शोधायचे लाल रंगाचे, पांढरे, फवाऱ्याचे महागडे डबे नंतर आले. आम्ही दोघं खुर्च्या ओढून त्या पांढऱ्या बीमसमोर बसलो, चहा घेतला, आणि रेघ उमटते का याची वाट पाहिली. उमटली नाही.

गाडी ग्रीव्ह्ज कंपनीची. मॉडेल हॉकस्टोन, साठच्या दशकाच्या सुरुवातीचं. आज ज्याला मोटोक्रॉस म्हणतात त्याला तेव्हा इंग्लंडात स्क्रॅम्बल म्हणायचे. शेतं, टेकाडं, ओढे, चिखल यांतून तीस-चाळीस गाड्या एकदम सोडायच्या. हॉकस्टोन पार्क हे श्रॉपशरमधलं असंच मैदान, तिथल्या उभ्या चढासाठी नावाजलेलं. हिवाळ्यात शनिवारी दुपारी या शर्यती टीव्हीवर दिसायच्या. आजोबांना गाडीचा नाद तिथून लागला.

ग्रीव्ह्जचा कारखाना एसेक्समध्ये थंडर्सली इथे होता. संस्थापक बर्ट ग्रीव्ह्ज यांचे चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब यांचे पाय अधू होते. त्यांच्या चाकाच्या खुर्चीला इंजिन बसवण्यापासून सगळं सुरू झालं, त्यातून अपंगांच्या तीनचाकी गाड्यांचा धंदा उभा राहिला, आणि मोटारसायकली आल्या त्यानंतर, १९५३च्या सुमारास. याच कंपनीच्या गाडीवर डेव्ह बिकर्सनं १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं २५० सीसी गटात युरोपचं विजेतेपद मिळवलं. आजोबा बिकर्सचं नाव घेतात ते आमच्याकडे लोक गावसकरचं घेतात तसं.

या गाडीची ओळख म्हणजे तो बीम. इतरांच्या फ्रेमला पुढे लोखंडी नळी असते. इथे नळीच्या जागी ओतीव अॅल्युमिनियमचा, इंग्रजी एचसारख्या छेदाचा जाड दांडा. स्टीअरिंगचं डोकं त्यातच, आणि फ्रेमच्या वरच्या लोखंडी नळीचं टोकही त्याच ओतकामात पकडलेलं. शर्यतीच्या गाडीला असला ठोकळा कोण लावेल, असं पहिल्यांदा पाहताना मलाही वाटलं होतं. हात फिरवल्यावर मत बदललं. कोपऱ्यांना गोलाई दिलेली, कडांना साचा सुटण्यापुरता उतार, मध्ये पातळ पोट. वाळूच्या कामातला माणूस असं डिझाइन बघून सुखावतो. एका बाजूला साच्याच्या जोडाची रेघही आहे. कोणीतरी घाईत कानस मारून ती अर्धीच काढलेली.

आता माझ्या पराक्रमाबद्दल. गिअरबॉक्सजवळचा एक बोल्ट हरवला होता. मी खिशातून साधा ८ मिलिमीटरचा बोल्ट काढून लावला. दोन-तीन आटे सुरळीत गेला, मग जड झाला. जड झाला म्हणजे बसला, असं समजून मी पाना ओढला. अॅल्युमिनियमचा भुगा बाहेर आला. तो आटा होता ५/१६ इंच बीएसएफ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, इंचाला २२ फेरे. जाडीत माझ्या बोल्टपेक्षा केसाएवढाच फरक, पण फेऱ्यांचं अंतर वेगळं आणि आट्याचा कोनही वेगळा. बीएसएफचा कोन जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये ठरवून दिलेला, ५५ अंशांचा, आणि मेट्रिकचा ६०. आजोबा ओरडले नाहीत. भोक मोठं करून त्यात तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं बसवलं, आटे पुन्हा उभे केले आणि माझ्या हातात जुन्या पान्यांची गुंडाळी ठेवली.

या पान्यांवरचे आकडे नव्या माणसाला चकवतात. ३/८ लिहिलेला पाना ३/८ इंच रुंदीच्या नटाला लागतच नाही, कारण तो आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, नटाच्या तोंडाचा नव्हे. मला एकदम मामाची बुलेट आठवली. बुलेट १९५५ पासून मद्रासला जुळू लागली ती इंग्लंडचे आटे अंगावर घेऊनच. मामाचा मिस्त्री ‘विटवर्थ’चे पाने गोणपाटात बांधून ठेवायचा आणि कोणालाही हात लावू द्यायचा नाही. तेव्हा ते मला कंजूषपणाचं वाटायचं.

इंजिन इथलंच, आमच्या गावात बनलेलं व्हिलियर्सचं. टू-स्ट्रोक, बोअर ६६, स्ट्रोक ७२, म्हणजे २४६ सीसी. त्याचं मॅग्नेटोचं चाक काढायला पुलर लागत नाही, मधला नटच ते काम करतो. नट सैल होतो, थोडा मोकळा फिरतो आणि पुन्हा घट्ट लागतो. बोल्टच्या अनुभवानं शहाणा होऊन मी तिथेच थांबलो. आजोबा म्हणाले, ‘आता ओढ.’ रिंग पान्यावर हातोड्याचा एक ठोका दिला आणि चाक ‘टक्’ करून शाफ्टवरून सुटलं. सुटल्याबरोबर त्यांनी त्याच्या चुंबकांवर लोखंडाचे तुकडे चिकटवले. उघडं ठेवलं तर चुंबकाचा जोर उतरतो.

पुढच्या फोर्कात वेळ गेला. तिथे कॉइल स्प्रिंग नाहीच. चाक धरणारे दोन छोटे दांडे रबरी बुशांभोवती फिरतात आणि पिळलं जाणारं रबर स्प्रिंगचं काम करतं. साठ वर्षांत ते रबर लोखंडाला असं चिकटलं होतं की जाळून काढावं लागलं. नवा बुश कोणत्या कोनात बसवतो त्यावर गाडीचं नाक वर राहणार की खाली, हे ठरतं. तीनदा बसवला, तीनदा काढला. टाकीचं काम त्यामानानं लवकर उरकलं, पण आतला जुना लेप खरवडून टाकावा लागला. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यात असले लेप विरघळून काकवीसारखे होतात. इथेनॉलचं गुणगान ऐकत वाढलेल्या ऊसवाल्या जिल्ह्यातल्या माणसानं याबद्दल जास्त बोलू नये.

आमचं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. फ्रेमवर वर काळा रंग, त्याखाली लाल, त्याखाली कंपनीचा मूळ निळा. मला वाटलं, सगळं खरवडून निळा मारला की झालं. पण फूटरेस्ट कंपनीच्या जागी नव्हते. कोण्या स्वारानं ते कापून दोनेक इंच मागे घेतले होते आणि पितळेनं जोडले होते. ब्रेकच्या प्लेटला वजन कमी करायला भोकं पाडलेली, तीही सारख्या अंतरावर नाहीत. आजोबा त्यातलं काहीच मोडायला तयार नव्हते. ‘ही गाडी दुकानात एक आठवडा होती, शर्यतीत पाच वर्षं,’ ते म्हणाले. ‘तू कोणती दुरुस्त करतोयस?’

याचं उत्तर माझ्याकडे होतं असं तेव्हा वाटलं. एका शनिवारी ते दवाखान्यात गेले असताना मी इंजिनच्या बाजूचं झाकण बफिंगच्या चाकावर धरलं. अर्ध्या तासात आरसा झाला. आजोबा आले, त्यांनी झाकण उजेडात धरलं आणि अंगठा एका ठिकाणी फिरवत राहिले. तिथे स्वाराच्या बुटानं घासून घासून एक उथळ, गुळगुळीत खळगा पडलेला होता. मी त्याच्या कडा सपाट करून टाकल्या होत्या. चहा होईपर्यंत ते बोलले नाहीत. नंतरही त्या झाकणाबद्दल नाही बोलले. फूटरेस्ट मात्र जिथे होते तिथेच राहिले, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही.

एप्रिलमध्ये गाडी मैदानावर नेली. १९६५ पूर्वीच्या गाड्यांसाठी वेगळा गट असतो, त्याच्या सरावाला. चालवायला आजोबांचा नातू. तिसऱ्या किकला इंजिन लागलं, निळा धूर निघाला आणि एरंडेल मिसळलेल्या पेट्रोलचा वास पसरला. आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. पहिल्या चढावर त्यानं गाडी जवळजवळ उभीच केली, तेव्हा माझी नजर स्वारावर नव्हती, बीमवर होती.

चार फेऱ्यांनंतर तो परतला. गुडघ्यापर्यंत चिखल. मी फडकं ओलं करून माझं ते आरशासारखं झाकण पुसलं. मधोमध बुटाच्या आकाराचा एक फिका, खरबरीत डाग पडला होता. मी आजोबांना दाखवायला वळलो. ते खाली बसून प्लग काढत होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी त्याचं टोक डोळ्यांजवळ धरलं. रंग तपकिरी होता, दुधाळ चहासारखा. ‘कार्ब्युरेटरचं जेट बरोबर आहे,’ ते म्हणाले आणि प्लग माझ्या हातात दिला. तो अजून तापलेलाच होता.